टेम्पोतली जागा

"काका, ऐका माझं. बसा टेम्पोत. पुढे वारा अजून वाढणारेय," यशराज म्हणाला.

गोटीरामने सायकल थांबवली, एक पाय डांबरावर टेकवला आणि तोंडावरचा रुमाल खाली ओढला. रुमालात वाळू, दातांत वाळू. राजस्थानातलं ओसियां सोडल्यापासून वारा समोरून छातीवर येत होता. बरोबरची मंडळी केव्हाच पुढे निघून गेली होती. मघापर्यंत त्यांची रंगीत हेल्मेटं दिसत होती, आता नुसती खेजडीची झाडं आणि पिवळं माळरान. मागे सामानाचा टेम्पो पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत उभा होता.

"मी येतो ना हळूहळू. तू हो पुढं."

"तुम्हाला कोण हसणार नाही, काका. टेन्शन कशाला घेता? थकलेल्यांसाठीच ठेवलीय गाडी."

"हसण्याचं नाय रे." गोटीरामने बाटलीतलं पाणी तोंडात खळखळवून थुंकलं. "त्या सीटवर तुझी काकी बसणार होती."

यशराज जरा घुटमळला. मग "काकी पुढच्या वर्षी येतील" असं काहीतरी पुटपुटून त्याने पॅडल मारलं. गोटीरामही निघाला. टेम्पो त्याच्या मागे, बैलगाडीच्या चालीने.

गोटीराम म्हात्रे बोनकोड्याचा. कोपरखैरणेचे सेक्टर उठायच्या आधी तिथे खाडीकाठी म्हात्र्यांची भातशेती आणि थोडं मिठागर होतं. ते सेक्टरांखाली गेलं आणि गोटीराम औद्योगिक पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात लागला. नोकरीभर सायकलने गेला, सायकलने आला. निवृत्त झाल्यावरही पहाटे पाम बीच रोडला सायकल घेऊन जायची खोड सुटली नाही. तिथेच त्याला यशराज भेटला. हा वाशीचा मुलगा दर हिवाळ्यात सायकलवाल्यांचा जथा घेऊन राजस्थानात जायचा. जोधपूरहून जैसलमेरपर्यंत, वाटेत गावागावांतून मुक्काम. ज्यांना सायकल येत नाही त्यांनी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसावं, असं तो म्हणाला, आणि गोटीरामच्या डोक्यात किडा शिरला.

कारण पुतळा, त्याची बायको.

पुतळा उलव्याला दिपेशकडे राहत होती. मुलगा आणि सून रंजिता दोघं नोकरीवर, नात त्रिशा लहान. "थोडे दिवस जाते, पोर शालंत गेली का येते," असं सांगून गेली. पोर शाळेत गेली, आता दुसरीत होती. पुतळा आली नव्हती. गोटीरामला बोनकोडं सोडता येईना, कारण त्याची चार मजल्यांची बिल्डिंग भाडेकरूंनी भरलेली. कोणाचा नळ गळतो, कोणाची मोटर बंद. आणि उलव्याच्या फ्लॅटमध्ये त्याला झोपायला हॉलमधला सोफाच होता. भांडण कसलंच नव्हतं. फोन रोज व्हायचा. जेवला का, हो. गोळी घेतली का, हो. मग पुतळा म्हणायची, "ठेवते ओ, पोरगी आली."

त्याला सगळ्यात जास्त काय खुपत असेल तर बोलणं. गल्लीत बिहारचे, साताऱ्याचे, केरळचे भाडेकरू. सगळे "अंकल" म्हणायचे, चांगले होते. पण आपली आगरी बोलायला माणूस उरलं नव्हतं. शेजारचा नामा होता तोवर संध्याकाळी ओट्यावर बसून दोघं तासभर शिव्या देत गप्पा मारायचे. नामा गेला. आता गोटीराम टीव्हीशी आगरीत बोलायचा आणि मग स्वतःच गप्प व्हायचा.

म्हणून त्याने दोघांची नावं घातली. पुतळाही फोनवर हो म्हणाली होती. निघायच्या आठवड्यात तिचा फोन आला, "तिरशाची परीक्षा हाय ओ. रंजिताला सुटी नाय. तुमी जावा." गोटीराम बरं म्हणाला आणि एकटा जोधपूरच्या गाडीत बसला.

प्रत्येक मुक्कामाला खोली मात्र दोघांचीच मिळत गेली. दोन पलंग, दोन उशा, पलंगाच्या पायथ्याशी घडी घातलेले दोन टॉवेल. संध्याकाळी बाकीची मंडळी गच्चीवर जमून हसत, चिवडा खात, एकमेकांचे फोटो बघत. ती सगळी एका क्लबातली, एकमेकांच्या मुलांची नावं माहीत असलेली. "काका, बसा ना," म्हणत आणि खुर्ची सरकवत. तो बसे. थोड्या वेळाने त्यांचं बोलणं इंग्रजीकडे वळे, तेव्हा तो हळूच उठे. खोलीत येऊन एक टॉवेल वापरे. दुसरा तसाच ठेवून सकाळी निघे.

फलोदी ओलांडल्यावर जमीन पांढरी व्हायला लागली. आधी गोटीरामला वाटलं, उन्हाने डोळे दिपले. मग वास आला. समुद्राचा नव्हे, खाडीचाही नव्हे, पण ओळखीचा. त्याने सायकल रस्त्याच्या कडेला लावली आणि तसाच उतारावरून खाली गेला.

मिठागर होतं. समुद्र कुठल्या कुठे, आणि इथे वाळवंटात मिठाचे वाफे, बांधावर मिठाचे ढीग, खाऱ्या विहिरीवर धडधडणारं इंजिन. एक म्हातारी बाई लांब दांड्याच्या दाताळ्याने मीठ ओढत होती. पायात रबराचे बूट, डोक्यावर केशरी ओढणी, हातात खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या.

गोटीराम बांधावर उभा राहून बघत राहिला. मग त्याच्याच्याने राहवेना. त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हात पुढे केला. म्हातारीने त्याच्या चट्ट्यापट्ट्याच्या टी-शर्टकडे आणि डोक्यावरच्या हेल्मेटकडे पाहिलं आणि पदराआड हसत दाताळं त्याच्या हातात दिलं.

पहिल्या दोन ओढी वाकड्या गेल्या. मग कंबरेला आठवलं. मीठ खसखसत पायाशी येऊ लागलं.

"आमीपन काढायचो, बाय," तो बोलून गेला. "मी न् माजी बायको. ती टोपली उचलायची. पाय फुटायचे, रगात यायचा."

म्हातारीने मारवाडीत काहीतरी लांबलचक सांगितलं आणि स्वतःच्या पायाकडे बोट दाखवलं. गोटीरामला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण त्याने मान डोलावली. "हां, तसाच. तसाच." किती दिवसांनी तो कोणापुढे आपल्या बोलीत बोलला होता.

त्याने खिशातून फोन काढला आणि पुतळाला व्हिडिओ कॉल लावला. लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागला. त्याने कॅमेरा वाफ्यांकडे धरला.

"बग काय हाय ता!"

"या बया!" पुतळाचा आवाज एकदम तरुण झाला. "मीठ? आगर हाय ना वो? वालवंटात? अगो बाय, ढीग बग केवरा! जारा हाय का बारीक?"

"जारा. माज्या हातात हाय, बग."

"आनि ती बाय टोपली डोक्यावर नाय घेत? आमी तं घ्यायचो. अगो, बगा तुमी, आमी असां मीठ काढायचो, मी सांगायची ना तुमाना!"

शेवटचं वाक्य त्याच्याशी नव्हतं. पलीकडे दोनचार बायकांचे आवाज आले. बघू बघू, पुतळाताई, हे तुमचे मिस्टर का? गोटीरामने फोन वळवून तोंडासमोर धरला. पुतळाच्या मागे बसची खिडकी होती. खिडकीतून घाटातली झाडं पळत होती. पुतळाने नवी जांभळी साडी नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा होता. शेजारच्या बाईचीही साडी तशीच जांभळी.

"कुठं चाललीस?"

पुतळाने गजरा सारखा केला. मग म्हणाली, "पाचगनीला. टावरच्या बायकांची सहल हाय."

"तिरशाची परीक्षा?"

"ती झाली मागंच."

इंजिनाची धडधड चालू होती. म्हातारी दुसऱ्या वाफ्याकडे गेली होती. "मंग तू का नाय आलीस?" गोटीरामने विचारलं. रागाने नव्हे. त्याला खरंच कळलं नव्हतं.

पुतळाने फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज खाली केला. "ओ, आयका. मिठागरात तुमी पुढं, मी टोपली घेऊन मागं. जत्रंला तुमी पुढं, मी मागं. आता मातारपनी टेम्पोत बसून दिसभर तुमची पाठ बगत येऊ का? माना नाय यायचा होता. नाय म्हनायला तोंड झाला नाय, म्हनून परीक्षा सांगितली."

"बरां," गोटीराम म्हणाला.

"रागावले?"

"नाय गो. रागावतंय कशाला."

"जेवला का?"

त्याने उत्तर द्यायच्या आत तिचं तोंड पडद्यावर थिजलं, अर्ध्या शब्दावर, एक डोळा मिटलेला. घाटात रेंज गेली असणार. पायांना मीठ चावायला लागलं तेव्हा तो बांधावर आला. म्हातारीने डब्याचं झाकण भरून ताक दिलं. ते पिऊन त्याने पाय धुतले, बूट चढवले.

"खुस हाय ती," तो म्हातारीला म्हणाला. म्हातारीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सायकलींच्या चाकांत हवा बघत असताना गोटीरामने आपली सायकल उचलून टेम्पोच्या टपावर दिली.

यशराज धावत आला. "काय झालं काका? गुडघा?"

"काय नाय. आज जरा बसतो."

तो ड्रायव्हरच्या शेजारी बसला. टेम्पो निघाला. काच बंद, आत डिझेलचा आणि प्लास्टिकच्या फुलांचा वास. वाऱ्याचा जोर आत कळत नव्हता, थंडी नाही, घाम नाही. पुढे सायकलवाल्यांच्या पाठी. ते थांबले की टेम्पो थांबायचा. ते उतरून काहीतरी बघायचे, देवळीत हात जोडायचे, मोर दिसला म्हणून ओरडायचे. टेम्पो पोहोचेपर्यंत मोर उडालेला असायचा. मग पुन्हा पाठी. कोणाची पाठ घामाने भिजलेली, कोणाची वाकडी. पाठीला काही विचारता येत नाही, पाठ काही सांगत नाही. गोटीरामने लवकरच पाठी बघायच्या सोडून दिल्या आणि बाजूच्या काचेतून बघायला लागला, पण तिथेही नुसती वाळू मागे सरकत होती.

"आप बोर नहीं होते, भंवरजी?" त्याने ड्रायव्हरला विचारलं.

"आदत पड़ जाती है, साब," भंवरजी म्हणाला आणि गिअर बदलला.

गोटीरामला आपल्या लग्नाची वर्षं आठवत गेली. त्याने पुतळाला कधी हात लावला नव्हता, शिवी दिली नव्हती. पगार आणून तिच्या हातात दिला होता. गावात लोक म्हणायचे, गोटीराम भला माणूस. पण मागे वळून "तुना कुठं जायचा हाय?" असं तिला विचारल्याचं काही त्याला आठवेना. दुपारच्या जेवणापर्यंत तो तसाच बसून राहिला. जेवणाच्या वेळी उतरला तेव्हा पाय आखडले होते.

जैसलमेरला तो सायकलवरच पोहोचला, सगळ्यांच्या शेवटी. किल्ल्याच्या दरवाजापाशी मंडळींनी टाळ्या वाजवल्या, यशराजने गळ्यात पदक घातलं. सगळे आपापल्या घरी व्हिडिओ कॉल लावत होते, मुलांना किल्ला दाखवत होते. गोटीरामने दोघातिघांचे फोटो काढून दिले. एका बाईने विचारलं, "काका, तुमचा काढू?" तो सायकल धरून उभा राहिला. तिने "स्माईल, स्माईल" म्हटलं तेव्हा हसला.

परत आल्यावरच्या रविवारी तो उलव्याला गेला. दिपेश-रंजिता पोरीला घेऊन मॉलला गेले होते. पुतळा एकटी होती. तिने दार उघडलं तेव्हा दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

"काले पडले," ती म्हणाली.

"उनाचा."

तो सोफ्यावर बसला. बसने येताना वाटेत त्याने पुष्कळ जुळवलं होतं. बिल्डिंगचं दिपेश बघेल, आपण दोघं तळमजल्यावर राहू, ओट्यावर बसू, असं सगळं. चल ना घरी, एवढं म्हणायचं होतं. पण खाली बागेत बायका जमल्या होत्या आणि पुतळा दोनदा गॅलरीत डोकावून आली होती, ते त्याने पाहिलं. जुळवलेलं त्याने गिळून टाकलं.

"पाचगनीचे फोटो दाखव," तो म्हणाला.

पुतळा चपापली. "तुमाना बगायचे हान?"

"हां, दाखव ना."

ती शेजारी येऊन बसली, चष्मा लावून फोटो सरकवू लागली. हे स्ट्रॉबेरीचं शेत. ही शेट्टीबाई, हिला गाडी लागते. इथं भजी खाल्ली. मग एका फोटोवर थांबून पुतळा तोंडावर हात ठेवून हसली. पठारावर ती घोड्यावर बसली होती. जांभळ्या साडीचा काष्टा मारलेला, लगाम दोन्ही हातांत घट्ट, मान ताठ. मागे लांबवर बाकीच्या बायका चालत येत होत्या.

"भ्याली नाय?"

"पयले भ्याले. मंग त्या घोडेवाल्याला सांगितला, सोड तू, मी नेते."

गोटीराम तो फोटो बराच वेळ बघत राहिला. "झाक दिसतेस," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला असावा, कारण पुतळाने फोन घाईघाईने बंद केला आणि "चाय टाकते" म्हणून उठली.

आतून भांड्यांचे आवाज येत राहिले. बोनकोड्याला ती चुलीपाशी बसूनच हाक मारायची, "चाय नेवा तुमचा." स्टीलच्या पेल्यात, वर बशी उपडी ठेवलेली. आता ती बाहेर आली ती ट्रे घेऊन. फुलाफुलांचा कप, खाली बशी, एका डिशमध्ये दोन तऱ्हेची बिस्किटं गोल मांडलेली, बाजूला घडी घातलेला कागदी रुमाल. त्याच्यासमोर जरा वाकून ती ट्रे धरून उभी राहिली.

गोटीराम सावरून बसला. त्याने दोन्ही हातांनी कप उचलला आणि एक बिस्किट घेतलं, एकच.

"तू नाय घेत?"

"माजा झाला मगाशीच," पुतळा म्हणाली. "घ्या ना अजून. लाजू नका."