पुढून उघडणारे कपडे

मी पडले ती माझ्याच घरात, माझ्याच स्टुलावरून, मीच शिवलेला पडदा टांगताना. त्यामुळे दोष द्यायला कोणी मिळालं नाही, ही पहिली पंचाईत. उजव्या खांद्यावर आपटले. थोडा वेळ जमिनीवर तशीच राहिले, मग उठून आधी पडदा सरळ केला, डाव्या हातानं. पडले तरी नाक वर म्हणतात ते हेच.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी आधी विश्रांती आणि मग व्यायाम सांगितला. विश्रांती मी मनापासून घेतली. व्यायामाचा मुहूर्त काही लागला नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. माझी मुंगी वाटेतच कुठंतरी बसून राहिली. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्या वर नाही.

मी शिवणकाम करते. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानामागे आमची शिवणाची खोली आहे आणि तिथं कापड बेतायचं टेबल माझ्याकडे असतं. माणसाचं अंग जसं असेल तसं असतं, समजून कापडानं घ्यायचं, हे मी आजवर सगळ्यांना शिकवत आले. कोणाचा एक खांदा उतरता असतो, त्याला आतून गादी लावायची. कोणाची पाठ बाकदार, तिथं कापड जास्त सोडायचं. गिऱ्हाईक आरशात बघून खूश झालं पाहिजे, आणि का खूश झालो हे त्याला कळता कामा नये.

तेच मी स्वतःला केलं. झग्यांची पाठीवरची चेन उसवून पुढे आणली. डोक्यावरून घालायचे सदरे खांद्यावर कापून बटणांचे केले. बाह्यांचे मुंढे सैल केले, बगलेत जादा कापडाची कळी घातली. आतल्या कपड्यांचे हूकसुद्धा पुढे घेतले, आणि ते इतकं सफाईनं जमलं की कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. दाखवणार कोणाला? वेणीला दोन हात लागतात म्हणून केस आखूड केले. वरच्या फळीवरचे डबे ओट्यावर आले. हळूहळू माझं सगळं घर खांद्याच्या खाली उतरलं आणि मला वाटलं, बाजी मारली. कोणापुढे हात पसरावा लागला नाही. खरं तर पसरायला समोर कोणी नव्हतंच. बहीण परगावी. रविवारी तिचा फोन यायचा, खांदा कसा आहे विचारायची, मी बरा आहे म्हणायचे. मग ती नातवंडांचं सांगायची आणि मी मान डोलवत ऐकायचे, जसं काही ती मला बघतेच आहे.

कामावर मात्र कापड काही समजून घेईना. लांबरुंद कापड पसरलं की टेबलाच्या पलीकडच्या काठापर्यंत हात जावा लागतो. माझा निम्म्यातच थांबायचा आणि कात्रीची रेघ वाकडी यायची. मालकीणबाई फार सभ्य, त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त बेतायचं कापड शेजारच्या टेबलावर जायला लागलं आणि माझ्या पुढ्यात काज-बटणं येऊ लागली. हंगाम संपेपर्यंत बघू, नाहीतर हे असंच ठेवू, असं त्या एकदा हसून म्हणाल्या. त्या दिवशी मी घाबरले. बेतायच्या टेबलाशी उभी असले की दिवसभर पोरी येऊन विचारतात, बाई, हे आडवं कापू का उभं? बटणं लावणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. तेवढं बोलणं गेलं तर मी दिवसभरात तोंड उघडणार कशाला, जेवायला?

म्हणून मी व्यायाम करून घेणाऱ्या बाईकडे गेले. वयानं लहान, बोलायला गोड आणि हातानं निर्दय. खांदा आखडलाय, ती म्हणाली, अजून सुटेल, पण आणखी उशीर केलात तर असाच राहील. मग व्यायाम दाखवला. मी आडवं पडायचं आणि दुसऱ्या माणसानं माझा हात धरून वर न्यायचा. दुखायला लागलं की सोसेल तेवढा अजून थोडा पुढे. घरी कोण असतं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बहीण. बहीण आहेच मला, नुसती घरी नसते.

घरी मी डाव्या हातानं उजवा उचलायला लागले. आपला हात जगन्नाथ. पण त्यात एक गोम आहे. आपल्या हाताला आपली दया येते. उजवा कळवळायच्या आतच डावा थांबतो. मी रोज इमानेइतबारे व्यायाम केला आणि रोज दुखण्याच्या अलीकडूनच परत फिरले.

पुढच्या खेपेला तिनं हात किती वर जातो ते मोजलं. होता त्यापेक्षा खालीच आला होता. तुमची बहीण फार मायाळू दिसते, ती म्हणाली, पुढच्या वेळी त्यांना घेऊनच या. मग तिचं लक्ष माझ्या सदऱ्याकडे गेलं. खांद्यावरची बटणं, बगलेतली कळी तिनं बोटांनी चाचपून पाहिली.

"हे कोणी शिवलं?"

"मीच," मी म्हटलं. कोणीतरी विचारलं याचा मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

"फार सुंदर काम आहे," ती म्हणाली. "आता तुमच्या हाताला वर जायचं काही कारणच उरलं नाही."

मी तशीच उठून कामावर गेले. रस्ताभर ते वाक्य टोचत होतं. शिवणाच्या खोलीत जेवणाची सुट्टी झालेली, सगळ्या बाहेर गेलेल्या. इस्त्रीवाली तेवढी होती. तिला आम्ही तोफ म्हणतो, कारण ती बोलायला लागली की मशीनं ऐकू येत नाहीत. तिचं आणि माझं कधी जमलं नाही. तिच्या इस्त्रीत चुणी शोधणं हा माझा छंद, आणि मला ऐकू जाईल असं पुटपुटणं हा तिचा. पण त्या वेळी खोलीत दोन हात तेवढेच होते. मी तिला म्हटलं, जरा इकडे या, माझा हात वर ओढायचाय. काय करायचं ते समजावून सांगितलं आणि बेतायच्या टेबलावर आडवी झाले.

तिनं इस्त्री उभी केली, माझं मनगट आणि कोपर धरलं. तिचे तळवे इस्त्रीनं तापलेले होते. हात उचलला तशी मी आई गं म्हटलं आणि ती लगेच थांबली. चांगलं माणूस थांबणारच.

"थांबू नका," मी म्हटलं. "ओरडले तरी थांबू नका. घरी हे करायला माझं कोणी नाही."

"ते सगळ्या दुकानाला माहीत आहे," तोफ म्हणाली, आणि मी पहिल्यांदाच तिचा हळू आवाज ऐकला. "श्वास सोडा."

हात छातीच्या वर गेला, हनुवटीच्या वर गेला. खांद्यात काहीतरी टाका टाका करत उसवत होतं. उताणी असल्यामुळे डोळ्यांतलं पाणी थेट कानांत जात होतं. दुखत तर होतंच, पण रडू त्याचं नव्हतं. पडल्यापासून, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून, तपासायला म्हणून सोडलं तर मला कोणी हात लावला नव्हता. इतकी वर्षं मी रोज दहा जणांच्या अंगाला टेप लावत आले आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

"फार दुखलं का?" असं विचारून ती हात खाली न्यायला लागली.

"नाही," मी म्हटलं. "अजून थोडा वेळ धरून ठेवा."