एक ताट जास्त

नेरूळ गावात भाड्याने भांडी हवी असली की लोक डोळे मिटून वामनशेठच्या दुकानात जातात. ताटं, टोप, पराती, पाण्याची पिंपं, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी ‘वा. सि.’ ठोकलेलं. वामन सिताराम. सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे आले तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या आणि ह्या बाबाने टोप घेतले, म्हणून दहा वर्षं त्याची टिंगल झाली. त्या गाड्या कधीच भंगारात गेल्या. टोपांमध्ये अजून डाळ शिजते.

आता दुकान सून बघायची, नमिता. नवरा दिपेश उरणला बंदरात नोकरीला. दुकानाचा विषय काढला की त्याला लगेच ड्युटी आठवायची. तेव्हा नमिताच सगळं करायची, आणि चोख करायची. डिसेंबरात सीएने तिला स्पष्टच सांगितलं की वहीचे दिवस संपले, हिशेब सॉफ्टवेअरवर आणा, नाहीतर मला फोन करू नका. मग ती आणि तिची लेक उन्नती लॅपटॉप घेऊन बसल्या. उन्नतीचं बी.कॉम. झालेलं, जुईनगरला नोकरी, आणि एप्रिलात साखरपुडा. घरी आहे तोवर आईचं दुकान मार्गी लावून जाते म्हणाली.

पहिलं सॉफ्टवेअर सीएच्या पसंतीचं होतं. त्याची किंमत ऐकून नमिताने पाणी मागितलं. दुसरं फुकट होतं, पण महिन्याला पन्नास बिलांपर्यंत; एक्कावन्नावं बिल केलं की पैसे भरा म्हणून अडून बसणार, म्हणजे ऐन लग्नसराईत गळा धरणार. तिसरं सीवूड्सच्या शकिलाने सुचवलं. शकिलाचं केटरिंग, ती वर्षभर तेच वापरत होती. साफ फुकट, जाहिराती नाहीत, मराठीत चालतं, आणि भाड्याच्या मालासाठी त्यात वेगळी सोय. गेलेला माल लिहायचा, आलेला माल लिहायचा, कमीजास्त ते आपोआप दाखवतं. दोन्ही आकडे भरल्याशिवाय मात्र बिल बंद होत नाही. नमिताला ही शिस्त फार आवडली. तिथेच ते ठरलं.

वामनशेठला सॉफ्टवेअरचं काही वावडं नव्हतं. त्याने एवढंच विचारलं की मयताघरच्या भांड्यांचं काय करणार. त्याच्या दुकानाचा एक नियम होता, चाळीस वर्षांचा. दहाव्याला, तेराव्याला गेलेली भांडी परत आली की मोजायची नाहीत. तशीच घासून ठेवून द्यायची. कमी असली तर असली. नमिताला हा माणुसकीचा नियम वाटायचा, की दुःखातल्या घराशी दोन ताटांसाठी हुज्जत नको. ती म्हणाली, बाबा, कमी आली तरी पैसे नाही मागणार, फक्त आकडा भरायचा आहे. उन्नती तर म्हणाली, मोजतेस कशाला, गेला तोच आकडा टाक आणि मोकळी हो.

पण नमिताच ती! खोटा आकडा लिहायला तिचा हात धजेना. एवढा प्रामाणिकपणा बाईला कोणी सांगितला होता, देव जाणे. जानेवारीत गावातल्याच एका घरून दहाव्याची ताटं परत आली, आणि भर दुपारी, म्हातारा जेवून आडवा झाला असताना, तिने ती मोजली. गेली होती दीडशे. आली एकशे एक्कावन्न.

तिने पुन्हा मोजली. एकशे एक्कावन्न. सगळ्यांवर ‘वा. सि.’, सगळी एकाच मापाची, परकं म्हणून बाजूला काढावं असं एकही नाही. देताना आपणच चुकलो असू, असं म्हणून तिने आकडा भरला. सॉफ्टवेअरने विचारलं, एक नग साठ्यात जमा करू का? तिने हो केलं.

पुढच्या आठवड्यात खांदेश्वरच्या एका बारशाला शंभर ताटं गेली, नव्व्याण्णव आली. नमिताला उलट बरंच वाटलं, हिशेब जुळला. पंधरा दिवसांनी त्याच घरून फोन आला. बाळाचे आजोबा गेले, दहाव्याला ऐंशी ताटं हवीत. परत आली ती एक्क्याऐंशी. तिने पुन्हा जमा केलं. मग फेब्रुवारीत उरणजवळ मोऱ्याला एक हळद झाली. असल्या धावपळीत कोणाच्या लक्षात राहतंय, कोणाकडे काय कमी पडलं? तिच्याही राहिलं नाही. सॉफ्टवेअरच्या राहिलं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी उन्नतीचा साखरपुडा होता. मांडव दुकानामागच्या मैदानात, तीनशे पानं, भांडी अर्थातच घरची. पंगत बसत होती. सीएने वर्षाचा अहवाल मागून मागून डोकं खाल्लं होतं, म्हणून नमिता शालू नेसूनच पाच मिनिटांसाठी दुकानात शिरली. ताटांचं पान उघडून ते पाठवायचं, एवढंच काम. आणि तिथे तिला त्या ओळी दिसल्या.

गावातलं घर, दहावा, एक जास्त. खांदेश्वर, बारसं, एक कमी. खांदेश्वर, तेच नाव, दहावा, एक जास्त. मोरा, हळद, एक कमी. मोरा, तेच नाव, तेरावं, एक जास्त. घणसोली, वाढदिवस, एक कमी. घणसोली, दहावा, एक जास्त. मध्ये गेलेल्या साध्या ऑर्डरींमध्ये एकाही ताटाचा फरक नव्हता. नमिताने बोट ठेवून पुन्हा वाचलं. हरवणारी आणि सापडणारी वेगवेगळी ताटं नव्हती ती. एकच ताट होतं. ते सुखाच्या घरी राहून जात होतं, आणि त्या घरचं माणूस गेलं की परत येत होतं.

शेवटची ओळ घणसोलीची होती. एक जास्त, जमा. म्हणजे ताट दुकानात होतं. आणि दुकानातली सगळीच्या सगळी ताटं आत्ता मांडवात मांडलेली होती.

वामनशेठ दाराशी उभा होता, नव्या सदऱ्यात, सुनेला जेवायला बोलवायला आलेला. तिने स्क्रीन त्याच्यापुढे केली. त्याला मराठी आकडे चांगले वाचता येत. त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं आणि टेबलाला हात लावून उभा राहिला.

“मोजलीस तू,” तो म्हणाला.

रागाने म्हणाला असता तर तिला सोसलं असतं. तिने रडत रडत सगळं सांगितलं. पहिली दुपार, ते एकशे एक्कावन्न, ते हो करणं. म्हातारा ऐकत होता आणि त्याचं लक्ष मात्र मांडवाकडे लागलेलं.

“गेलेला मानूस आपल्या ताटासकट येतो गो शेवटचा जेवाला,” तो म्हणाला. “नाय मोजला त ता ताट आपला आपन निंघून जाता. मोजला का दुकानाचा होता. मंग भाऱ्यानी जाता, बाकीच्यांसारखा. त्या ताटात जो जेवला तो गेला, आनि येकदा मांडला का कोनाला तरी जेवाच लागता.”

तुम्हाला कसं ठाऊक, असं तिने विचारलं.

“मी पन मोजली व्हती. येकदाच. विमल गेली त्या वरसाला.”

विमलबाई म्हणजे नमिताची सासू. दिपेश सहा वर्षांचा असताना गेली, तापाने, एवढंच घरात सांगायचे. चाळीस वर्षांचा नियम कुठून आला ते नमिताला तेव्हा कळलं, आणि त्या माणसाने तो एकट्याने वागवला होता हेही. पण आता थांबायला वेळ नव्हता. दोघं मांडवात गेली.

तीनशे ताटं. वरण-भात वाढून झालेला, वर तूप, बाजूला वालाचं बिरडं. एप्रिलची दुपार, पत्र्याखाली माणसं घामाने निथळत होती, पंखे गरम हवा ढकलत होते. वामनशेठ पंगतीतून हळूहळू चालला, व्याह्यांना हात जोडत, पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवत, कोणाला जेवा म्हणत. बघणाऱ्याला वाटावं आजोबा आग्रह करतायत. प्रत्येक ताटात भातावरून वाफ निघत होती, तूप ओघळत होतं.

उन्नतीच्या ताटात तूप गोठलेलं होतं. थंडीच्या दिवसांत गोठतं तसं, पांढरं, कडक. वाफ नव्हती. तिने भाताला हात घातला होता आणि घास कालवता कालवता, हे इतकं गार कसं, असं शेजारी बसलेल्या नवऱ्यामुलाला हसून सांगत होती.

नमिता दोन रांगा मागे होती. म्हातारा मात्र पोचला होता. त्याने वाकून नातीच्या हाताखालचं ताट ओढून घेतलं.

“ह्या माझा,” तो म्हणाला. “तुला दुसरा वारतील.”

उन्नतीला ती आजोबांची गंमत वाटली. सगळी हसली. वामनशेठ तिथेच, तिच्या शेजारी, मांडी घालून बसला आणि जेवला. सावकाश, शितन् शीत, गोठलेल्या तुपासकट. नमिता खांबाला धरून बघत होती. तिने एकदा पाऊल पुढे टाकलं, तेव्हा त्याने नुसती मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि ती थांबली. पुढे गेली असती तर ताट कोणाला द्यायचं होतं? उन्नतीला? तिला स्वतःचीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जेवून झाल्यावर त्याने ताट नळावर स्वतः घासलं, बगलेत मारलं आणि घराकडे निघाला. नमिता पाहुण्यांना सोडून मागोमाग गेली. ओट्यावर बसून तो धोतराच्या सोग्याने ताट पुसत होता.

“माझे दहाव्याची भांडी आली का मोजू नको,” तो म्हणाला. “येवरा कर. मंग सुटला.”

तिने मान डोलावली. मांडवातून उन्नतीच्या हसण्याचा आवाज येत होता. म्हाताऱ्याने थोडा वेळ तो ऐकला, मग चहा टाकतेस का, असं विचारलं.

ती आत गेली आणि आधण ठेवलं. डॉक्टरांनी चार वर्षं त्याची साखर बंद केली होती, आणि चार वर्षं तिने डोळ्यांत तेल घालून ते पथ्य पाळलं होतं. आज तिने साखरेचा डबा काढला आणि दोन चमचे भरून घातली.