करंजाच्या बुडाशी अबोली

तट्.

मडक्यांच्या उतरंडीपाशी काहीतरी तडकलं आणि सकाळपासून घरात ठाण मांडून बसलेली शांतता फुटली. चुलीपुढं नागलीची भाकर थापणाऱ्या गोदीचा हात थबकला. ओट्यावर सुंभ वळत बसलेल्या ढवळू म्हाताऱ्यानं मान वळवली. पण सुनेनं सासऱ्याकडं पाहिलं नाही, की सासऱ्यानं सुनेकडं. बोलली ती चार वर्षांची बाळी.

"आये, उंदीर?"

"उंदीर नाय गं. वाटीतलं अबोलीचं बोंड. पाण्याचा थेंब पडला का तडकतं, नि बी फेकतं."

तट्. दुसरं बी उडालं ते थेट ओट्यावर, म्हाताऱ्याच्या मांडीवर.

"घ्या!" ढवळू सुंभालाच सांगू लागला. "मालकीण तोंड मिटून बसली, तं तिचं बी आलं भांडाया!"

गोदीनं ओठ आवळून हसू दाबलं आणि भाकर तव्यावर टाकली.

भांडण झालं होतं ते सकाळी, पाऊस जरा उघडला तेव्हा. लावणी उरकून साखरशेत गाव नुकतं पाठ सरळ करत होतं. अशात ढवळू ओहळाकाठून करंजाचं हातभर रोप मुळाच्या मातीसकट उपटून घेऊन आला आणि न्हाणीच्या दगडापाशी खड्डा खणू लागला. नेमक्या त्याच जागेवर गोदीचा कधीचा डोळा होता.

ती जागाच तशी. आषाढात इथं पाणी नको नको होतं, आणि चैतात बाया कड्याखालच्या झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरतात. तेव्हा अंगणात पाणी सांडतं ते एकाच ठिकाणी, न्हाणीच्या दगडाच्या उताराला. तिथं लावलेलं जगतं. बाकीच्याचं चिपाड होतं.

"मामा, तठं माझी अबोली लावायची हाय," गोदी हातातलं शेण तसंच धरून म्हणाली.

"अबोली?" ढवळू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "तिला वास नाय, सावली नाय, पोटाला नाय. करंज बघ! गार सावली. म्हातारं बसंल, पोर खेळंल. दिव्याला तेल, दाताला काडी. आन राबाला फांटी कमी पडली तं घरच्या घरी कोयता घालावा."

राब म्हणजे इथल्या भाताची आई. झाडांची फांटी, वाळल्या पानांचा पातेरा, शेण असं सगळं वाफ्यावर पसरायचं, उन्हाळ्यात जाळायचं आणि त्या राखेत भात पेरायचं. त्याच्याशिवाय रोप उठत नाही. त्यापायी माघ लागला, की गावातलं झाड न् झाड खराटा होतं.

गोदीनं तेवढंच बरोबर पकडलं.

"म्हंजे माघात छाटणार. नि ऊन तापतं कवां? चैतात! तवां सगळ्या गावाची झाडं पिसं उपटलेल्या कोंबडीवानी उभी. तुमच्या करंजाची सावली कोण खाणार मामा, कोयता?"

कुडापलीकडं बुधी म्हातारी भांडी घासत होती. तिला हसता हसता ठसका लागला. "ढवळू, लावायच्या आधीच सुनेनं छाटलं रे तुझं झाड!"

झालं. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. तो खाली बसला, रोप खड्ड्यात उभं केलं, टाचेनं माती दाबली आणि ओट्यावर जाऊन सुंभाला लागला. तेव्हापासून घरात चकार शब्द नव्हता.

गोदीला आपल्या बोलण्याचं वाईट वाटलं होतं, पण माघार घेववत नव्हती. ती अबोली तिच्या माहेरची, पोशेऱ्याची, आयसच्या दारातली. मागल्या भातझोडणीच्या वेळी आयस गेली. भावकीनं झोपडं मोडून वासे वाटून घेतले. गोदीनं मागितलं काहीच नाही. दारातल्या अबोलीची वाळली कणसं खुडली, लुगड्याच्या कनवटीला लावली आणि डोंगर उतरून आली. बी आणखी एक साल टिकणार नव्हतं. आज रुजलं तर रुजलं, नाहीतर पोशेऱ्याचं नाव सांगायला तिच्यापाशी काही उरणार नव्हतं.

भाकऱ्या झाल्या. गोदी हात धुऊन उतरंडीपाशी आली, तर वाटी रिकामी.

"बाळे! बी कुठं गेलं?"

"लावलं," बाळी म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते.

"कुठं?"

"आजाच्या खड्ड्यात. तठं माती मऊ हाय."

गोदीचा हात उगारला गेला आणि तसाच खाली आला. ओट्यावरचं सुंभही थांबलं होतं. म्हाताऱ्याला सगळं ऐकू गेलं होतं.

पुढं आठवडाभरानं करंजाच्या बुडाशी बारीक कोंब दिसले, तसा ढवळू विळा घेऊन निंदायला बसला. बाळी धावत आली नि कोंबांपुढं फतकल मारून बसली.

"हे माझं हाय!"

"तुझं नाय, तुझ्या आयसचं हाय." म्हाताऱ्यानं दाराकडं पाहिलं. गोदी उंबऱ्यात उभी होती, पदराचं टोक दातात धरून. "ऱ्हाऊ दे. करंज मोठा झाला का मरंल सावलीत आपोआप."

पण अबोली कसली मरते! तिला उन्हापेक्षा ती कवडशांची सावलीच मानवली. वर करंज वाढला, खाली अबोली पसरली. न्हाणीचं पाणी दोघांत वाटून गेलं. गोदीच्या अंबाड्यात, बाळीच्या वेणीत, सणासुदीला बुधीच्या पांढऱ्या केसांतही केशरी फुलं दिसू लागली. फुलायला तिला ऋतू लागत नव्हता.

चार पावसाळे असे गेले. ढवळू दुपारचा करंजाखाली घोंगडी टाकून काठी घेऊन बसायचा.

"काय करतोस रं ढवळू?" बुधी विचारायची.

"करंज राखताव. शेळ्या खातात."

"कडूजार करंज कवां खाल्ला रं शेळीनं?"

म्हातारा ऐकू न आल्यासारखं करायचा. शेळ्या तोंड घालायच्या ते अबोलीला, हे साऱ्या पाड्याला ठाऊक होतं.

त्या साली गोदीचा नवरा, माघ्या, संस्थानाच्या रस्त्याची खडी फोडायला गेला. परतून येईस्तोवर जवळपासची फांटी लोकांनी नेलेली. वाफे तसेच उघडे पडले होते. एका सांजेला त्यानं कोयत्याला धार लावली.

"बापा, उद्या घरचा करंज छाटताव. तूच म्हणला होतास ना, घरच्या घरी?"

"म्हणलो होतो," ढवळू म्हणाला. जिभेनंच त्याला बांधून टाकलं होतं. त्या दिवशी त्यानं अर्धी भाकर परत टोपल्यात ठेवली. गोदीनं पाहिलं. सावली कोयता खाईल, हे आपलंच मागचं बोलणं तिला आठवलं, पण हसू आलं नाही. ती सावली आता तिलाही हवी होती. भर उन्हात झऱ्यावरून आल्यावर हंडा उतरायला गावात तेवढीच एक गार जागा होती.

सकाळी माघ्या कोयता घेऊन अंगणात आला आणि जागीच उभा राहिला.

करंजाच्या बुडाशी एक दगड उभा होता. ओहळातला, गुळगुळीत. त्याला शेंदूर फासलेला, नि माथ्यावर अबोलीची ओंजळभर ताजी फुलं.

"हा देव कवां बसला?"

"मना काय माहीत?" ढवळू ओट्यावरून म्हणाला. "बसला आसंल. देव काय तुला इचारून बसंल?"

बुधी कुडावरून डोकावली, डोळे बारीक केले आणि हात जोडले. "आता लोखंड लावू नको रं बाबा त्या झाडाला. कोप होईल."

माघ्यानं डोकं खाजवलं. "मग राबाला काय घालू?"

"पातेरा गोळा कर. पेंढा घाल. मी येताव संगती," म्हातारा एवढा पटकन बोलला, की माघ्या त्याच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं कोयता आकडीला अडकवला नि पाटी उचलली.

गोदी पाण्याचा तांब्या घेऊन सासऱ्यापुढं आली. "हात धुवा मामा."

"कशाला?"

तिनं नजरेनंच त्याची बोटं दाखवली. म्हाताऱ्यानं आपल्या बोटांकडं पाहिलं. नखांत शेंदूर होता, अंगठ्याला केशरी पाकळी चिकटलेली. त्यानं मुकाट हात पुढं केले. गोदीनं धार धरली.

"नुसत्या दगडाला माघ्या भ्याला नसता," तो हळूच म्हणाला. "फूल लागतं देवाला."

"वास नाय, सावली नाय, पोटाला नाय," गोदी तितक्याच हळू म्हणाली.

ढवळू खो खो हसला. चार वर्षं दाबून ठेवलेलं असावं तसा. "बेस! बेस बोललीस!"

चैत आला. सगळं गाव मुंडं होऊन तापत होतं, आणि गोदीच्या अंगणात पोपटी पालवीची सावली हलत होती. पाड्यातल्या बाया देवाच्या पाया पडायच्या निमित्तानं येऊन टेकायच्या. म्हातारा घोरत होता. गोदी बाळीची वेणी घालत होती. बाळी मांडीवर अबोलीचं वाळकं कणीस घेऊन बी वेचत होती आणि एकेक दाणा परकराच्या नाडीपाशी खोचत होती.

"कशाला गं?"

"बुधीआजी म्हणते, पोरीची जात, एक दिवस दुसऱ्याच्या घरी जायाची. तू पोशेऱ्याहून आणलंस तसं मी पण नेईन." तिनं गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. मग मान मागं टाकून वर करंजाकडं बघत राहिली. पालवीतून कवडसे तिच्या तोंडावर नाचत होते.

गोदीच्या हातातला वेणीचा पेड सुटला.

"आये, बी तं कनवटीला जाईल. पण ही सावली कशी नेऊ गं?"