वरून काढलेला फोटो

जुनी चेसिस खालून ओढून काढली तेव्हा गंजाचे पापुद्रे रस्त्यावर पडले. पप्पांच्या पिकअपची केबिन आणि मागचा हौदा मकसूदचाचांनी जॅक लावून, लाकडी ओंडक्यांवर तोलून धरले होते. त्यांनी चेसिसला स्क्रूड्रायव्हर टोचला. तो आरपार गेला.

"बघ. आणि तुझा बाप म्हणायचा, अजून दोन वर्षं चालेल."

मी गंज झाडून गोळा केला. पप्पांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. भाजी आणायला गेले आणि मंडईतच कोसळले. चेसिसच्या कामाच्या दगदगीचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं होतं.

पप्पा आणि चाचा खडकीच्या कारखान्यात शेजारी शेजारी वेल्डिंग करायचे. पप्पा निवृत्त झाल्यावर आम्ही कात्रजला फ्लॅट घेतला आणि त्यांनी ही जुनी पिकअप. कारखान्याचं क्वार्टर सोडणाऱ्यांचं सामान ते त्यातून हलवून द्यायचे. गेली दोन वर्षं मात्र ती इमारतीसमोर रस्त्याकडेला नुसती उभी होती. फेब्रुवारीत तिच्या काचेवर पालिकेची नोटीस लागली. बेवारस वाहन, हलवा, नाहीतर उचलून नेऊ. कुणीतरी ॲपवर फोटोसकट तक्रार केली होती.

ती मी केली होती.

मी शिकवते त्या कॉलेजातल्या निकिता मॅडम पहिल्यांदाच घरी आल्या होत्या आणि त्यांना गाडी लावायला जागा मिळेना. "हे धूड कुणाचं हो?" त्यांनी विचारलं. "कल्पना नाही. पडलेलं असतं," मी म्हणाले. त्या गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून मी फोटो काढला, 'नाव गुप्त ठेवा' या चौकोनात खूण केली. नंबर बघायला खाली जावं लागलं नाही. सेटच्या परीक्षेला पप्पांनी मला याच गाडीतून सोडलं होतं.

नोटीस आली त्या दिवशी पप्पा जेवताना तडकले. "समोर येऊन बोलायची हिंमत नाही. बेवारस म्हणे! रोज पुसतो मी तिला." मी खाली मान घालून वरण वाढून घेतलं. दोन दिवसांनी ते क्षेत्रीय कार्यालयात गेले आणि चेसिस बदलून गाडी चालू करतो, असं लिहून देऊन मुदत घेऊन आले. त्यानंतर तक्रार करणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही. राग निवळला असेल, असं मला वाटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी गॅलरीतली कपड्यांची दोरी सोडली आणि आतल्या खोलीत बांधली. "उन्हानं रंग उडतो," म्हणाले. येता-जाता ओले कपडे तोंडाला लागायचे. मी त्यावरूनही चिडले.

पप्पा गेल्यावर चाचा दर रविवारी खडकीहून दोन बस बदलून येत राहिले. एकाहत्तराव्या वर्षी. उद्या मुदत संपत होती. चाचांनी आधीच चाकं-इंजिन बसवून ठेवलेली दुसरी चेसिस केबिनखाली ढकलली, जॅक हळूहळू उतरवला आणि ते बोल्ट कसायला खाली शिरले.

"चाचा, ती तक्रार मी केली होती."

"सतरा नंबरचा पाना दे."

मी दिला. "ऐकू आलं ना?"

"कान शाबूत आहेत. एक डोळा तेवढा गेलाय." त्यांनी बोल्ट पुरता कसला. मग म्हणाले, "ऑफिसातल्या बाईनं दशरथला कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. वरच्या कोपऱ्यात त्याचीच लुंगी वाळत होती. लाल चौकड्यांची."

माझ्या हातातला पान्यांचा डबा मी खाली ठेवला.

"काय म्हणाले पप्पा?"

"मला फोन केला. म्हणाला, मकसूद, तक्रार घरचीच निघाली, आता काम टाळता येत नाही." चाचा गाडीखाली एकटेच हसले. "मी म्हटलं, मग विचार की पोरीला. तर म्हणतो, सांगेल ती. तिनं सांगितलं की ऐकू."

मी वर पाहिलं. गॅलरीत दोरीचे दोन खिळे मोकळे होते. पाहणीला येणाऱ्या माणसानं फोटो धरून मान वर केली असती, तर त्याला काहीही ओळखता आलं नसतं.

दोरी आत आल्यापासून ते मंडईत गेले त्या सकाळपर्यंत एकोणीस दिवस होते. रोज आम्ही समोरासमोर बसून जेवलो. पप्पा मीठ मागायचे, मी द्यायचे.

चौथ्या खेपेला इंजिन लागलं. चाचांनी पिकअप रस्त्यावर दहा पावलं पुढे नेली, दहा मागे आणली. आता त्याच ॲपवर गाडीचा फोटो पाठवायचा होता. मी जिन्याकडे वळले.

"कुठं निघाली?"

"वरून पूर्ण गाडी येते."

"वरून काढलास तेवढा बस झाला. इथं उभी राहा."

मी गाडीसमोर उभी राहिले. बोटांना ग्रीस होतं, फोन दाद देईना. ओढणीला हात पुसून फोटो काढला, नंबर टाइप केला. खाली तोच चौकोन आला. तो तसाच रिकामा ठेवून मी माझं पूर्ण नाव लिहिलं, पप्पांच्या नावासकट.