नदीकडे वळलेला हात

मी एक जुना लाकडी खांब आहे. नदीकाठच्या पायवाटेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे उभा आहे. मित्रांनो, माझ्यासारखे खांब तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. पण खांबाकडे कोण बघते? सगळे त्याच्या हाताकडे बघतात आणि पुढे जातात. तेच बरोबर आहे. आमचे काम माणसांना थांबवण्याचे नाही, वाटेला लावण्याचे आहे.

मला एका सुताराने घडवले. त्याच्या कामाच्या जागेत घोट्यापर्यंत भुसा साचलेला असे आणि त्याची लेक त्यातच फतकल मारून रंगकाम करी. माझ्या एका हातावर तिने 'जुने गाव' असे लिहिले आणि शेजारी घंटेचा छोटासा मनोरा काढला. दुसऱ्या हातावर 'बंधारा' लिहून खाली पाण्याच्या रेघा ओढल्या.

"बाबा, मनोरा जरा तिरका झालाय," ती म्हणाली.

सुतार पेन्सिल कानावर खोचत म्हणाला, "खरा मनोराही तिरकाच आहे. राहू दे."

मग मला या फाट्यावर आणून पुरले. उजवीकडे जुने गाव, डावीकडे बंधारा. हात लोखंडी पट्टीने आवळताना लेकीने पान्यावर सगळा भार टाकला होता. ते बोल्ट मला कितीतरी वर्षे एखाद्या मिठीसारखे वाटत राहिले.

माझे चांगले दिवस मी आठवतो. सुटीच्या दिवशी लोक गिरणीपाशी बसमधून उतरत आणि वाळुंजाच्या झाडांखालून नदीच्या कडेकडेने चालत येत. पाठीवर पिशव्या, बुटांना चिखल, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. माझ्यापाशी येऊन ते वाचत, "चला, आलंच गाव!" म्हणत आणि उजवीकडे वळत. परत येताना माझ्या बुंध्याशी बसून बूट झटकत आणि गावाबद्दल बोलत. तिथली दारे इतकी ठेंगणी आहेत की उंच माणसाच्या कपाळाला टेंगूळ ठरलेले. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या आहेत. मित्रांनो, जन्मभर ज्या गावाकडे मी हात दाखवला, ते गाव मी कधी पाहिलेले नाही. मला ते फक्त ऐकून माहीत आहे.

त्या लोकांत एक जोडपे दरवर्षी येई. नवरा घड्याळजी होता, बायको नर्स. घड्याळजी सावकाश चालत, प्रत्येक झाडापाशी थांबत. नर्सबाई पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. "अहो, तुमच्या दुकानातली घड्याळं तरी वेळेवर चालतात का हो?" असे त्या ओरडत, आणि घड्याळजी गालातल्या गालात हसत आणखी हळू चालत. मला ती दोघे फार आवडत.

पुढे नदीने बंधाऱ्याकडचा काठ खाल्ला. ती वाट बंद झाली, म्हणून माणसे येऊन माझा डावा हात काढून घेऊन गेली. मला वाईट वाटले, पण ते योग्यच होते. मात्र त्यानंतर माझी देखभाल करायला कुणी फिरकले नाही. रंगाचे पोपडे निघाले. पावसाने बोल्ट गंजले. मनोऱ्याची फक्त बाह्यरेषा उरली, अक्षरे तेवढी वाचता येत.

आणि एके दिवशी लाकडांनी भरलेला एक ट्रॅक्टर मागे येताना माझ्यावर आदळला. मी मुळापासून हललो, आणि माझा उरलेला हात पट्टीसकट गर्रकन फिरला. ड्रायव्हर खाली उतरला. त्याने आधी आपला मागचा दिवा तपासला, मग मला एक थाप मारली. "काही नाही झालं याला," असे म्हणून तो निघून गेला.

माझा हात आता डावीकडे, नदीकडे दाखवत होता.

गावातले इकडून क्वचितच जात, आणि त्यांच्याही ते लक्षात आले नाही, कारण पायाखालच्या वाटेवर कुणी पाटी वाचत नाही. परके मात्र वाचत. ते डावीकडे जात, चिखलात रुतून परत येत आणि मला चार शिव्या देऊन घरी जात. उजवीकडच्या वाटेवर हळूहळू कमरेएवढे गवत माजले. मला सगळे दिसत होते. पण लाकडाच्या हातात स्वतःला वळवण्याची ताकद नसते, मित्रांनो. मी नुसता खोटे सांगत उभा राहिलो.

मग ती दोघे आली. फार वर्षांनी आली. घड्याळजींचे केस पिकले होते आणि नर्सबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. आधीच्या काही दिवसांत खूप पाऊस झाला होता. नदी गढूळ होऊन फुगली होती.

घड्याळजी माझ्यापाशी थांबले. "अगं, इकडून नाही. उजवीकडून. दगडी पूल लागतो, मग पाण्याची टाकी, मग ती बेकरी."

"अहो, पाटी बघा की. स्वच्छ लिहिलंय."

"पाटी चुकली असेल."

"पाटी चुकली आणि तुम्ही बरोबर! सकाळी तुमचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला."

"तो विषय वेगळा आहे," घड्याळजी म्हणाले. पण मग त्यांनी त्या गवताकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. आपल्याला खरेच आठवते आहे की नाही, याची त्यांना खात्री वाटेना. "बरं, तू म्हणशील तसं," ते हळूच म्हणाले.

दोघे डावीकडे वळले. मी त्यांच्या पाठी बघत राहिलो. एखादी फांदी आडवी पडावी, एखादे कुत्रे तरी भुंकावे, असे मला वाटत होते. काहीच झाले नाही. वाळुंजांच्या आड ती दिसेनाशी झाली.

बऱ्याच वेळाने नर्सबाई एकट्याच परत आल्या. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले, एका पायात बूट नाही. "कुणी आहे का? अहो, कुणी आहे का?" काठ ढासळला होता. घड्याळजी खाली घसरून मुळांत अडकले होते, पाणी कमरेपर्यंत आले होते, आणि त्यांना वर ओढणे एकट्या बाईच्या आवाक्यातले नव्हते.

त्या माझ्यासमोर थांबल्या. मागे गिरणी फार लांब होती. उजवीकडे नुसते गवत. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि मला एक बुक्की मारली. मला ती लागली नाही. लागली असती तर बरे झाले असते.

"दगडी पूल," त्या पुटपुटल्या. "मग टाकी. मग बेकरी." आणि नवऱ्याने सांगितलेल्या त्या तीन खुणांच्या भरवशावर त्या गवतात घुसल्या.

त्यानंतर मी आणि नदी, दोघेच उरलो. ती गर्जत होती. मी उभा होतो.

अखेर गवत हलले. बेकरीवाला पुढे होता, हातांना पीठ तसेच लागलेले. मागे शिडी आणि दोर घेतलेले लोक होते. ते धावत गेले आणि परतताना शिडीवर घड्याळजींना घेऊन आले. त्यांचे ओठ निळे पडले होते, पाय विचित्र वळला होता, पण डोळे उघडे होते.

"मी म्हणालो होतो ना, उजवीकडे?"

"हो हो, म्हणाला होतात," नर्सबाई रडत रडत हसल्या. "आता बोलू नका."

बेकरीवाल्याने माझा हात सरळ करायला जोर लावला. गंजलेला बोल्ट हलेना. त्याने चिडून पिठाचे रिकामे पोते माझ्यावर ओढले आणि सुतळीने बांधले. "हे राहू दे तोवर. उद्या पाना घेऊन येतो."

तो उद्या अजून उजाडलेला नाही.

घड्याळजी वाचले, पण त्यांचे चालणे संपले. नर्सबाई एकदा बेकरीवाल्याच्या बायकोबरोबर इथून गेल्या. पोत्यातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "आता मी सगळं त्यांनाच विचारते. आमटीत मीठ घातलं का, तेसुद्धा. निम्मं चुकतं हो त्यांचं. पण विचारते."

मित्रांनो, वाटेत कुठे कललेली पाटी दिसली, सैल झालेला बोल्ट दिसला, तर 'आपल्याला काय करायचंय' असे म्हणून पुढे जाऊ नका. जमले तर आवळा. नाही जमले, तर ज्याला जमेल त्याला सांगा, आणि तो येईपर्यंत त्याच्या मागे लागा.

आत्ताच माझ्यापाशी कुणीतरी आले आहे. एक आई, आणि बहुधा दोन मुली.

"आई, याच्यावर काय लिहिलंय?"

"पोतं आहे गं. काहीतरी बंद असेल."

"मग आपण कुठून जायचं?"

पावले घुटमळली. आता ती चालू लागली आहेत. गवत वाजले तर ती गावाकडे गेली, चिखल वाजला तर नदीकडे. मी कान देऊन ऐकतो आहे. पण नदीला आज खूप पाणी आहे, आणि तिच्या आवाजात मला काहीच कळत नाही.