पारूसाठी आणलेला ब्रश

मित्रांनो, मी दात घासायचा एक जुना ब्रश आहे. हसू नका. माझे केस काळे पडलेत आणि अंगाला इंजिनाच्या तेलाचा वास येतो, हे मला ठाऊक आहे. तरी मी दातांचाच ब्रश आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी मिलिटरीच्या कँटीनमध्ये आलो. १९७३ साली हवालदार जालिंदरने मला विकत घेतलं, त्याच्या सहा वर्षांच्या पारूसाठी. कोरेगावजवळच्या गावी रजेवर येताच त्याने लेकीला मांडीवर घेतलं, स्वतः तिचे दात घासले आणि बायकोला बजावलं, "चंद्रा, ह्यो बुरूस रोज झाला पायजे. पलटणीतल्या डाक्टरनं सांगितलंय." मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

रजा संपली, जालिंदर गेला आणि माझे दिवस फिरले. चंद्राबाई स्वतः दोन्ही वेळा मशेरी लावायची. तव्यावर जाळलेली तंबाखू ती, दुसरं काय! त्यापायी तिच्या हिरड्या कधीच सुटल्या होत्या. त्यात शेजारची रंगूबाई म्हणाली, "अगं बया, बुरसात डुकराचं क्यास असत्यात म्हनं! पोरीच्या तोंडात घालतीस व्हय?" झालं! माझे केस नायलॉनचे, पण मला विचारतो कोण? मला वळचणीला खोचून टाकलं.

तिथून मला पारूच्या चुलत्याने, आप्पासोने काढलं. कशाला? मिशीला कलप लावायला! मिशी काळीभोर झाली, की विहिरीवरच्या इंजिनाची घाण खरवडायलाही मीच. वा रे माझं नशीब!

पारू मात्र गुऱ्हाळ सुरू झालं की दिवसभर तिथंच. रात्री गुळाचा खडा गालात धरूनच झोपायची. मागच्या दाढेवर काळा ठिपका पडला, मग खड्डा. पोर कळवळायची, तेव्हा चंद्राबाई त्या खड्ड्यात चिमूटभर मशेरी दाबायची. "रडू नगं गं. दुदाचीच हाय, पडंल आन् नवी यील."

अहो, दुधाची कुठली! सहाव्या वर्षी एकही दात न पडता सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते, ती दाढ पक्की असते. तिच्यासाठीच तर जालिंदरने मला आणलं होतं. पण हे त्या शहाण्याने घरात कुणाला समजावलं नाही. हुकूम सोडला आणि गाडी पकडली.

नवव्या वर्षी पारूचा गाल टम्म सुजला, ताप चढला. आप्पासोने तिला कोरेगावला नेलं. डॉक्टरांनी दाढ उपटली. घरी आल्यावर रीतीप्रमाणे ती शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकली. पारू खूश! रोज सकाळी बोट घालून नवी दाढ चाचपायची.

पुढच्या वर्षी जालिंदर रजेवर आला. मधल्या रजांना चार दिवस यायचा, पण लेकीच्या तोंडात कधी डोकावला नव्हता. पारूने त्याच्यापुढे मोठ्ठा आ केला.

"आबा, बगा की. लय दिस झालं. माजी नवी दाढ कवा येनार?"

त्याने बॅटरी मारून पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "न्हाई येत, पारे. ती पक्की हुती."

"आई तर यील म्हनली हुती!"

चंद्राबाई पदरात तोंड खुपसून रडली. ती खोटं बोलली नव्हती. तिला खरं कुणी सांगितलंच नव्हतं. तरीही मला त्या घरातल्या एकेकाचा राग येतो. घरात ब्रश असून पोरीची दाढ गेली हो!

मित्रांनो, मिशा पिकल्या तर पिकू द्या, इंजिन चिंधीने पुसा. ब्रशाने दातच घासा, सकाळी आणि झोपताना. गोड खाल्लं की चूळ भरा. मशेरीचा डबा फेका उकिरड्यावर, आणि हे मोठ्यांनाही ऐकवा. दहा वर्षांची पोर ती. अख्खा जन्म जेवायचं आहे तिला, आणि आत्तापासूनच एका गालाने चावते.