पंधरा कप्प्यांची डबी

ऑगस्टची पहिली तारीख. स्पेनमधल्या व्हिगो शहराच्या सरकारी रुग्णालयात, तातडीच्या विभागात सकाळी नऊलाच एकही खाट रिकामी नव्हती. बावीस वर्षं इथे नर्स म्हणून काढलेल्या साबेलाला त्याचं नवल उरलं नव्हतं. पाय सुजले होते आणि डोळे मायोर्का बेटावरच्या सुट्टीकडे लागले होते. दहा तारखेचं विमान होतं. त्याच आठवड्यात आईच्या तपासण्याही उरकणार होत्या. वरच्या वॉर्डातल्या मैत्रिणीने आईसाठी दहा तारखेपासून खाट धरून ठेवली होती.

"पाच नंबरच्या आजी छातीत दुखतंय म्हणतात," शिकाऊ डॉक्टर इयागो म्हणाला. "पण त्यांचा कार्डिओग्राम माझ्या कार्डिओग्रामपेक्षा चांगला आहे. निदान काय लिहू?"

"ऑगस्ट लिहा. पुस्तकात नाही सापडायचं, डॉक्टर. सुट्ट्या लागल्या की म्हाताऱ्यांच्या छातीत दुखतं, सप्टेंबरात आपोआप थांबतं."

तो हसला. तिला हसू आलं नाही.

एरुंदिना आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, इस्त्रीचा ब्लाउज घालून बसलेल्या. सपाता शोधायला साबेलाने त्यांची पिशवी उघडली. आत विणकाम होतं, आणि गोळ्यांची डबी. पंधरा कप्पे, प्रत्येकावर तारीख, एक ते पंधरा. अचानक दुखू लागलेल्या माणसाची एवढी तयारी! साबेलाच्या मस्तकात तिडीक गेली. तिने तिथूनच आजींच्या मुलाला, शुर्शोला, फोन लावला.

"शुर्शो, तुमच्या आईला काही झालेलं नाही. घेऊन जा."

"अहो बाई, आम्ही विमानात चढतोय! वर्षभर आम्हीच करतो ना तिचं? तिथे डॉक्टर आहेत, काल्दोचं गरम सूप मिळतं. घरी एकटी पडली तर?"

"लाज नाही वाटत? हे इस्पितळ आहे, धर्मशाळा नाही!"

फोन कट झाला.

"त्याला बोलू नकोस गं पोरी," आजी म्हणाल्या. "मीच म्हटलं, जा. मला खोटं नीट जमलं नाही, एवढंच." मग त्यांनी विचारलं, "तुझी आई आहे?"

"आहे."

"सुट्टीत कुणाकडे असते?"

'तपासण्या' हा शब्द साबेलाच्या जिभेवर आला आणि तिथेच अडकला. कसल्या तपासण्या? आई अजून चार जिने चढून बटाटे आणत होती. "पण मला झालंय काय, साबेला?" तिने रविवारी विचारलं होतं. "काही नाही गं, एकदा बघून घेऊ," असं म्हणून साबेलाने कपडे इस्त्री करायला घेतले होते.

ती खाटेच्या कडेवर टेकली. स्वतःची एवढी शरम तिला कधी वाटली नव्हती.

मग तिने इयागोकडून केसपेपर मागून घेतला आणि नर्सच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: तब्येत ठणठणीत. घरचे इथे सोडून गेले.

"असं लिहितात?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"आजपासून लिहायचं. प्रत्येकाचं. आणि समाजसेविकेला बोलवा."

आजींना पहिल्या कप्प्यातली गोळी पाण्याबरोबर देऊन तिने वरच्या वॉर्डाचा नंबर फिरवला.

"दहा तारखेची आईची खाट रद्द कर. नाही गं, आई बरी झाली नाही. ती आजारी नव्हतीच."